भाऊंच्या हातचं ट्यूना सॅलड

बेकरीवाल्या भाऊंना सॅलड या प्रकाराचा पहिल्यापासून राग. "ज्याला विस्तव लागत नाही त्याला स्वयंपाक म्हणू नये," असं त्यांचं मत होतं, आणि ते मत कुणी विचारलं नाही तरी ते देत असत. उभा जन्म भट्टीसमोर गेलेला माणूस. सकाळी पाव, दुपारी टोस्ट, संध्याकाळी बन. त्यांच्या लेखी जगात दोनच जातीच्या वस्तू होत्या, भाजलेल्या आणि भाजायच्या राहिलेल्या. अशा माणसावर रोज दुपारी ट्यूना सॅलड करायची पाळी यावी, याला काय म्हणायचं? दैवालासुद्धा कधीकधी मस्करी सुचते, दुसरं काय.

पाळी आली ती वहिनींच्या डोळ्यांमुळे. वहिनी म्हणजे भाऊंची बायको. बेकरीत पाव भाऊंचा आणि केक वहिनींचा, अशी सरळ वाटणी होती. केकवर नाव लिहावं तर वहिनींनीच. क्रीमची पिशवी एकदा टेकवली की मध्ये उचलायची नाही, एका दमात नाव पुरं. त्यांचं अक्षर बघून लोक केक कापायला कचरायचे. पण वर्षभरात दोन्ही डोळ्यांतला मोतीबिंदू पिकत गेला, आणि एक दिवस त्यांनी एका आजोबांच्या वाढदिवसाच्या केकवर असं झोकात नाव लिहिलं की अर्धं केकवर आलं आणि अर्धं खोक्याच्या पुठ्ठ्यावर. आजोबांची सून शहाणी. "छान आहे हो वहिनी, वेगळंच आहे," म्हणाली आणि खोकं उचलून गेली. ती चार शब्द बोलली असती तर परवडलं असतं. तिने कीव केली, आणि ती वहिनींच्या जिव्हारी लागली. त्यांनी पिशवी धुतली, वाळवली आणि कपाटात ठेवून दिली. "डोळे होईपर्यंत मी केकला हात लावणार नाही," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर बेकरीत केक बंद झाला आणि वहिनी गल्ल्यावर नुसत्या बसून राहू लागल्या.

ऑपरेशन तसं साधं. पण डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं तर साखर आभाळाला टेकलेली. "ही खाली आली तरच मी डोळ्याला हात लावीन," त्या म्हणाल्या. "महिनाअखेरची तारीख धरून ठेवते. तोवर उतरली नाही तर ती दुसऱ्या पेशंटला जाईल, आणि मग पुढची सहा महिन्यांनी. आजपासून पाव बंद. बन, टोस्ट, बिस्किट, केक, सगळं बंद."

भाऊ हे ऐकत उभे होते ते खुर्चीवर बसले. बाईंनी एका दमात त्यांचं अख्खं दुकान बंद केलं होतं.

आता वहिनींचं असं होतं, की पाव नसेल तर त्यांना जेवल्यासारखंच वाटायचं नाही. पावाबरोबर काय, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर फारसा विचारला नव्हता. डॉक्टरीणबाईंचं त्यांनी ऐकलं, पाव सोडला, पण त्याबरोबर जेवणच सोडलं. "भूक नाही," म्हणायच्या आणि बिनसाखरेचा चहा पीत बसायच्या. दोन दिवस असे गेले आणि तिसऱ्या दिवशी गल्ल्यावर बसल्या बसल्या त्यांना चक्कर आली. गिऱ्हाइकानेच धरलं म्हणून बरं. वहिनींना आत निजवून भाऊ भट्टीकडे परतले. इतकी वर्षं या बाईला आपण खाऊ घातलं ते फक्त पीठ, आणि आता पीठच नको म्हटल्यावर आपल्याजवळ तिला द्यायला काहीच नाही, हे त्यांना भट्टीसमोर उभं असताना कळलं, आणि त्यांना रडूच आलं. भट्टीच्या धुराने डोळे चुरचुरतात, असं त्यांनी स्वतःलाच सांगितलं.

मग त्यांनी मेव्हणीला फोन केला. यावरून त्यांची अवस्था काय झाली असेल ते ओळखा. मेव्हणी म्हणजे वहिनींची धाकटी बहीण. ही बाई रोज सकाळी पळायला जायची आणि पळून आली की दिवसभर बाकीच्यांना पळवायची.

"भावोजी, लो-कार्ब," ती म्हणाली.

"म्हणजे काय?"

"म्हणजे तुम्ही जे जे करता ते सोडून बाकी सगळं."

भाऊंनी हा घाव गिळला. मेव्हणीने कृती सांगितली. ट्यूना माशाचा डबा फोडायचा, त्यातलं पाणी पिळून काढायचं. काकडी, कांदा, उकडलेलं अंडं बारीक चिरायचं. दोन चमचे घट्ट दही, मोहरीची पेस्ट, लिंबू, मिरपूड. कालवायचं आणि लेट्यूसच्या पानावर वाढायचं. "पंधरा मिनिटांत होतं. शाळेतली पोरं करतात," असंही वर सांगितलं.

भाऊंना पहिल्या दिवशी तास लागला. डब्याची कडी ओढताना तुटली, म्हणून पक्कड आणली. पक्कड सटकली आणि माशाचं पाणी शर्टावर. अंडं उकडायचं म्हणून ते अगदी मन लावून उकडत बसले, कारण सबंध कृतीत विस्तवाची तेवढीच एक जागा होती. डब्यातलं पाणी मात्र त्यांनी पिळलं नाही. "चव असते ती पाण्यात. पिळून टाका म्हणे," असं पुटपुटत सगळं भांड्यात ओतलं. त्यात घरातला ओटा वहिनींच्या उंचीचा. भाऊ वाकून वाकून चिरत होते आणि कंबर बोंबलत होती. शेवटी त्यांनी भांडं, सुरी, काकडी सगळं उचललं, भिंतीपलीकडे बेकरीत नेलं आणि आपल्या मळायच्या टेबलावर मांडलं. तिथे गेल्यावर त्यांच्या जिवात जीव आला.

आणि तिथेच घात झाला.

ते टेबल म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. त्या टेबलाशी उभं राहिलं की भाऊंना काही आठवावं लागत नसे. डाव्या हाताला मैद्याचं पिंप. समोर मीठ. उजव्या हाताला, खालच्या फळीवर, टोस्टच्या चुऱ्याचा पत्र्याचा डबा. विकून उरलेले टोस्ट कुटून भाऊ तो डबा भरून ठेवत, आणि कुठलंही मिश्रण सैल पडलं, हाताला चिकटायला लागलं, की त्यांचा उजवा हात आपोआप खाली जायचा. झाकण सरकायचं, मूठ वर यायची, भुरभुर पडायची, मिश्रण आवळून यायचं. हे करताना भाऊ गिऱ्हाइकाशी बोलत असत, हिशोब करत असत, कधी शेजारच्या चांभाराशी भांडत असत. हाताचं काम हात करायचा, डोक्याला कळवायची पद्धत नव्हती.

तर भाऊंनी सॅलड कालवायला घेतलं. पाणी न पिळलेला मासा, पाणी सुटलेली काकडी, वर दही. सगळं पचपचीत. भाऊंच्या कपाळावर आठी पडली. ते आठी घालून मेव्हणीला मनात शिव्या देत होते, तेवढ्यात उजवा हात खाली गेला, मूठभर चुरा घेऊन आला, भांड्यात पडला. पुन्हा गेला, पुन्हा आला. मग दोन्ही हातांनी त्यांनी ते छान मळलं, गोळा केला, वर ओलं फडकं टाकलं आणि थोडा वेळ बसू दिलं. फडकं उचलून ते फुगलंय का तेसुद्धा एकदा बघितलं. नाही फुगलं म्हणून थोडे हिरमुसले.

वहिनींनी पहिला घास भीत भीत घेतला. मग दुसरा घेतला. मग भांडं जवळ ओढलं.

"अहो, हे तर छान झालंय," त्या म्हणाल्या. "मला वाटलं पालापाचोळा असेल. पोट भरल्यासारखं वाटतंय हो."

बायको चार दिवसांनी पोटभर जेवली हे बघून भाऊंचा जीव भांड्यात पडला. पण जीव भांड्यात पडून गप्प बसेल तो माणूस कसला? दुसऱ्या दिवसापासून स्वारी हरभऱ्याच्या झाडावर. मेव्हणीला फोन करून म्हणाले, "तुझी कृती कच्ची होती, मी सुधारली. प्रमाण कळावं लागतं." गिऱ्हाइकांना डझनभर बन बांधून देता देता सांगू लागले, "कार्ब कमी करा. आमच्याकडे आता लो-कार्ब असतं." गिऱ्हाईक हातातल्या बनांकडे बघायचं, मग भाऊंकडे बघायचं, आणि पुढच्या दाराने निघून जायचं.

साखर मोजायचं छोटं यंत्र डॉक्टरीणबाईंनी घरी दिलं होतं. सकाळी वहिनींनी बोट पुढे करायचं, भाऊंनी टोचायचं आणि आकडा वाचायचा. चार दिवसांनी आकडा खाली यायला हवा होता. तो वर गेला.

"चष्मा पुसून बघा," वहिनी म्हणाल्या.

भाऊंनी चष्मा पुसला. आकडा तिथेच होता.

आता भाऊंचं डोकं कसं चालावं? सॅलडमध्ये काही खोट असेल, हा विचार त्यांना शिवला नाही. स्वतःच्या हाताने केलेली वस्तू, तिच्यात कुठली आलीय खोट? मग राहिलं कोण? बायको पावाची वेडी, आणि भिंतीपलीकडे अख्खी बेकरी. कुठेतरी पाणी मुरतंय, असं त्यांनी ठरवून टाकलं. पण लगेच बोलले नाहीत. आधी त्यांनी उपाय केला. "पोट भरत नसेल बिचारीचं, म्हणून हात पावाकडे जात असेल," असा विचार करून त्यांनी सॅलड दुप्पट केलं. दुपारी एक वाडगा, संध्याकाळी एक वाडगा. वहिनी दोन्ही आवडीने संपवायच्या.

आकडा आणखी वर गेला.

मग मात्र भाऊ पेटले. त्यांनी पावाच्या कपाटाच्या कडीवर मैदा भुरभुरला, चोराच्या बोटांचे ठसे उमटावेत म्हणून, आणि दुपारी पाव काढताना स्वतःच सगळे पुसून टाकले. दुपारची झोप कपाटाला खुर्ची टेकवून बसल्या बसल्या काढू लागले, तर मान आखडली. वहिनी झोपल्या की त्यांची उशी झटकून बघायचे. काही सापडेना. साप साप म्हणून भुई धोपटणं चाललं होतं.

आणि एका संध्याकाळी पुरावा सापडला. वहिनी जेवून उठल्या, आणि दिव्याच्या उजेडात भाऊंना त्यांच्या हनुवटीवर एक कण दिसला. त्यांनी तो बोटाने टिपला, उजेडात धरला, दाताखाली चावून बघितला. टोस्ट. आणि असातसा टोस्ट नाही, त्यांच्याच भट्टीतला, दोनदा भाजलेला, जरा जास्त लालसर. आपला माल ओळखण्यात भाऊंचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"मला काय दिसतंय?" वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी मेव्हणीला बोलावून घेतलं. न्याय करायला म्हणून. ती आली ती पळायच्या बुटांतच आली आणि स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, "ताई, खरं सांग. आम्ही कुणी रागावणार नाही." हे वाक्य रागावलेलीच माणसं बोलतात.

"मी पाव खाल्लेला नाही," वहिनी म्हणाल्या.

"मग साखर वाऱ्याने वाढली?" भाऊ म्हणाले. "कण सापडलाय माझ्या हाताला. आपल्याच टोस्टचा. तारीख डोक्यावर आलीय. डोळे तुझे, ऑपरेशन तुझं, मी भट्टी सोडून मासे कालवत बसलोय, आणि तू चोरून खातेस? खा बाई, खायचंच असेल तर खा, पण माझ्याशी खोटं नको बोलू."

मेव्हणीसुद्धा गप्प झाली, म्हणजे बघा. वहिनींनी टेबलाची कड चाचपली आणि खुर्चीत बसल्या.

"तुमचा पाव करपला त्या दिवशी मी तो कधी चांगला झालाय म्हटलं नाही," त्या हळूच म्हणाल्या. "लग्न नवं होतं तेव्हासुद्धा म्हटलं नाही. खोटं बोलायचं असतं तर तेव्हाच शिकले असते. तुम्हालाही बरं वाटलं असतं."

हे खरं होतं, हे भाऊंनाही ठाऊक होतं. पण मागेही हटवेना. तो कण त्यांच्या बोटाला टोचत होता.

"उद्यापासून मी बेकरीत बसते," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या टेबलापाशी. उठल्यापासून झोपेपर्यंत तुमच्या नजरेसमोर. बाथरूमला गेले तरी सांगून जाईन. मग तरी पटेल ना?"

आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी त्यांनी गल्ल्यावर शेजारच्या चांभाराला बसवलं आणि स्वतः स्टूल घेऊन भाऊंच्या टेबलाशी येऊन बसल्या. तोंडाला कुलूप. भाऊंनी पाव काढला, टोस्ट कापले, पहिल्यांदा गप्पांशिवाय काम केलं, आणि त्यांना ते जड गेलं. दुपार झाली. त्यांनी ट्यूनाचा डबा फोडला. आताशा तो पक्कड न लावता फुटायचा. काकडी चिरली, कांदा चिरला, अंडं चिरलं, दही घातलं, कालवायला लागले.

वहिनींनी डोळे मिटले होते. उघडे ठेवून तरी काय दिसायचं होतं? त्या नुसत्या ऐकत होत्या. या खोलीचा आवाज न आवाज त्यांच्या ओळखीचा.

"अहो," त्या एकदम म्हणाल्या. "ते झाकण कशाचं वाजलं?"

"कुठलं झाकण?"

"चुऱ्याच्या डब्याचं."

"काहीतरीच तुझं. चुऱ्याच्या डब्याला कोण हात लावतंय? मी सॅलड करतोय."

"बरं. मग आत्ता तुमचा उजवा हात कुठे आहे?"

भाऊंनी बघितलं. उजवा हात भांड्याच्या वर होता. मुठीत टोस्टचा चुरा होता आणि बोटांच्या फटीतून सॅलडवर भुरभुर पडत होता. भाऊ त्या हाताकडे बघत राहिले. हात त्यांचाच होता. मनगटावरचा भाजल्याचा डागसुद्धा त्यांचाच होता.

"कुठे आहे?" वहिनींनी पुन्हा विचारलं.

"इथे आहे," भाऊ म्हणाले, आणि मैद्याच्या पोत्यावर बसले.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ती म्हण भाऊंनी शंभरदा दुसऱ्यांना ऐकवली होती. आज त्यांना स्वतःला ऐकवायलाही तोंड राहिलं नाही. रोजचा चुरा. मूठ, दोन मुठी, आणि साखर वाढली म्हणून दुप्पट. औषध म्हणून त्यांनी बायकोला रोज दोन वेळा पावच चारला होता, आणि वर तिलाच चोर ठरवलं होतं, तेसुद्धा बहिणीसमोर.

"मीच घालत होतो," ते म्हणाले. "मला कळलंच नाही ग. आईशप्पथ कळलं नाही. सैल होतं म्हणून हात गेला असेल. मी तुला काय काय बोललो."

वहिनींनी हात पुढे करून भांडं चाचपलं. मग म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस मी पावच खात होते?"

"हो."

"तरीच."

"तरीच काय?"

"तरीच आवडत होतं," वहिनी म्हणाल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला, स्टूल हललं, चांभार गल्ला सोडून बघायला आला आणि काही न कळून परत गेला. भाऊंना मात्र हसू येईना. त्यांची मान खाली ती खालीच.

"थांब, तिला फोन करतो," ते म्हणाले. "तिच्यासमोर बोललो, तिच्यासमोरच कबूल करतो."

वहिनींचं हसू थांबलं. "तिला नका सांगू."

"का?"

"अहो, आयुष्यभर हसेल ती तुम्हाला. घरात कुणाचं लग्न असो, बारसं असो, हीच गोष्ट सांगत फिरेल. मी खात होते चोरून, असंच राहू दे. तिला तसंही तेच वाटतंय."

जी बाई काल भर खोलीत एक शब्द मागे घ्यायला तयार नव्हती, ती आज सगळं आपल्या अंगावर घ्यायला निघाली होती. भाऊंना हे बघून लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. मेव्हणीचं हसणं त्यांच्या कानात आधीच वाजायला लागलं होतं. त्यांनी फोन खाली ठेवला.

चुऱ्याचा डबा त्याच दिवशी चांभाराच्या दुकानात मुक्कामाला गेला. भाऊंनी मासा पिळला, काकडी पिळली, सॅलड खरोखर पंधरा मिनिटांत केलं. ते आवळून आलं नाही, मळता आलं नाही, फडक्याखाली ठेवावं असं त्यात काही नव्हतं. वहिनींनी घास घेतला आणि चेहरा असा केला की भाऊंनी दुसरीकडे बघितलं. मग त्यांनी स्वतःसाठी दुसरं पान घेतलं, वहिनींसमोर बसले आणि तेच खायला लागले. मासा त्यांना जन्मात कधी आवडला नव्हता. रोज दुपारी दोघं समोरासमोर बसून ते संपवू लागले, आणि रोज सकाळी आकडा थोडा थोडा उतरू लागला.

तारखेच्या आधी तपासणीला गेले तेव्हा मेव्हणीही बरोबर आली, पळायच्या बुटांत. डॉक्टरीणबाईंनी यंत्रातले जुने आकडे एकेक करून बघितले.

"आता ठीक दिसतंय," त्या म्हणाल्या. "पण मध्ये एवढी कशी चढली होती? काय खात होता?"

मेव्हणी खाकरली. भाऊंनी छताकडे बघितलं.

"पाव," वहिनी म्हणाल्या. "चोरून खाल्ला. चुकलं माझं."

"मी म्हटलं नव्हतं, ताई?" मेव्हणी म्हणाली, आणि सुरूच झाली. मनावर ताबा नाही, लहान मुलासारखं वागणं, भावोजींनी बिचाऱ्यांनी एवढं करावं आणि हे असं. डॉक्टरीणबाईंनीही चार शब्द सुनावले. डोळे गेल्यावर पाव काय कामाचा, म्हणाल्या. वहिनी मान खाली घालून ऐकत होत्या, शाळेतल्या मुलीसारख्या, दोन्ही हात मांडीवर ठेवून. त्यांनी एकदाही भाऊंच्या बाजूला तोंड वळवलं नाही.

भाऊंना ते बघवेना. ते उभे राहिले.

"ती खोटं बोलतेय," ते म्हणाले. "आयुष्यात पहिल्यांदा बोलतेय. पाव तिने नाही खाल्ला. मी चारला."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. उजवा हात खाली कसा जातो, झाकण कसं सरकतं, मूठ कशी वर येते, हे तिथल्या टेबलाशी उभं राहून करूनही दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे तुम्ही लो-कार्ब सॅलडमध्ये..."

"टोस्टचा चुरा."

"आणि साखर वाढली म्हणून..."

"सॅलड वाढवलं."

मेव्हणी हसली. अपेक्षेपेक्षा जास्त हसली. खुर्चीचा हात धरून, डोळे पुसून, पुन्हा भाऊंकडे बघून पुन्हा हसली. भाऊ उभे राहून ते सगळं हसणं घेत होते, आणि त्यांना वाटलं होतं तेवढं काही ते लागलं नाही.

"मग तुम्ही स्वतःवर का घेतलंत?" डॉक्टरीणबाईंनी वहिनींना विचारलं. "आम्ही एवढं बोललो."

"मला काय," वहिनी म्हणाल्या. "मला कोण बोलतंय ते नीट दिसत तरी कुठे."

"आणि आता काय खाता?"

"तेच. बिनचुऱ्याचं. अजिबात चव नाही हो त्याला."

"मग जातं कसं?"

"हे समोर बसून खातात ना. यांना माझ्याहून जास्त नकोसं होतं. दिसत नाही, पण गिळतात ते ऐकू येतं. तो आवाज ऐकला की मलाही घास जातो."

डॉक्टरीणबाईंनी वही ओढली आणि ऑपरेशनची तारीख पक्की केली. "सकाळी लवकर या," त्या म्हणाल्या, "आणि उपाशीपोटी या. तोंडात काहीही घालायचं नाही."

"ऐकलंत?" वहिनी भाऊंना म्हणाल्या. "त्या दिवशी ट्यूना नाही."

भाऊ हसायला गेले आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मेव्हणीने रुमाल पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. वहिनींना अजून दिसत नव्हतं, आणि पुढच्या महिन्यापासून दिसणार होतं. चोरून रडून घ्यायचं ते आत्ताच.